चांदोलीला कोणत्या महिन्यात जायचं?

सहल ठरवायला बसलं की आमच्या घराची ग्रामसभा होते. कोरम लगेच भरतो, ठराव मात्र होत नाही. या वेळचा विषय होता चांदोली, आणि प्रस्ताव माझ्या धाकट्या मुलीचा. भूगोलाच्या बाईंनी शाळेत ‘आपली नदी’ असा प्रकल्प दिला होता. वही घेऊन ती माझ्याकडे आली. “अब्बू, वारणा कुठून येते?” मी ऐटीत म्हणालो, “चांदोलीच्या जंगलातून.” “तुम्ही बघितलंय?” तिथे माझी ऐट उतरली.

जन्म वारणानगरच्या शिवेवरचा, शाळा इथली, नोकरी इथली. पाणी प्यायलो ते या नदीचं. आणि जिथून ते येतं तिथे मी कॉलेजात असताना एकदाच गेलो होतो, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून. वारणावतीत चहा घेतला, लांबून धरणाची भिंत बघितली आणि परत आलो. आत, जंगलात, पाण्याच्या वरच्या अंगाला कधीच नाही. मुलीच्या प्रश्नानंतर ओळखीच्या वीसेक घरांत विचारून बघितलं. गोवा सगळ्यांनी बघितलेला. महाबळेश्वरला बहुतेक जण लग्नानंतर जाऊन आलेले. दुबई तिघांनी बघितलेली. चांदोली फक्त एकाने, तोही वायरमन, कामावर गेला होता म्हणून.

आपल्यात सहल म्हटलं की अजूनही पहिलं नाव दर्ग्याचं निघतं. मिरज झालं, नाहीतर विशाळगड. आमच्या लहानपणी वर्षातून एकदा टेम्पो भरून विशाळगडला जाणं ठरलेलं असायचं. शेजारची मराठ्यांची, लिंगायतांची घरंही बरोबर असायची, त्यांचेही नवस असायचे. 14 जुलै 2024 ला गडावरच्या अतिक्रमणांविरोधातल्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं आणि पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्यानंतर आमच्या घरातून कुणी तिकडे गेलेलं नाही. कुणी बंदी घातली म्हणून नाही, गाडी ठरवायला बसलं की कुणीतरी गप्प होतं आणि विषय बदलतो. तेव्हा चांदोलीचं नाव निघालं तसं मला मनातून बरंच वाटलं. जंगलात आडनाव कोण विचारतंय? गवा तर विचारत नाही. हे माझं तेव्हाचं मत होतं. आता ते तितकंसं राहिलेलं नाही, का ते पुढे सांगतो.

आधी जागेविषयी. वारणा सह्याद्रीच्या माथ्यावर, प्रचितगडाच्या आणि पाथरपुंजच्या बाजूला उगम पावते. पाथरपुंज म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक. ते पाणी चांदोलीच्या धरणात अडवलं आहे. धरणाची क्षमता 34.40 टीएमसी, जलाशयाचं कागदावरचं नाव वसंत सागर. आमच्याकडे त्याला कुणी वसंत सागर म्हणत नाही, सगळे ‘धरण’च म्हणतात. धरणाच्या खाली नदी कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची हद्द आखत येते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. जलाशयाभोवतीचं जंगल 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. 2010 मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात चांदोलीही आलं. म्हणजे आमच्यापासून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर जागतिक वारसा आहे आणि आम्ही बघायला जातो कळंगुटला.

आता ठरावाकडे. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, म्हणजे जून ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ गेला. मुलांचं म्हणणं होतं, आत्ताच जाऊ, थंडी आहे. धाकट्या चाचांचं म्हणणं, नोव्हेंबरात जायला हवं होतं, तेव्हा तळं काठोकाठ असतं, फोटो चांगले येतात. चाचांचा सहलीतला रस फोटो आणि बिर्याणी या दोन गोष्टींपुरता आहे, त्यामुळे त्यांनी लगोलग हंडा कुठला न्यायचा हा विषय काढला. चूल मांडून दम देऊ म्हणाले. मी सांगितलं, चाचा, व्याघ्र प्रकल्प आहे, काडी पेटवली तर आपल्यालाच दम देतील. बायकोने रमजानचा हिशेब मांडला. या वर्षी रोजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग मुलांच्या परीक्षा, मग बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात. राहिला जानेवारी, नाहीतर मेचा पहिला पंधरवडा. मेमध्ये कोण जंगलात जातं, असं म्हणून तिने जानेवारीवर शिक्का मारायला घेतला.

तेवढ्यात कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेली अम्मी बोलली. ती अशा सभांत सहसा बोलत नाही.

“भरेला पानी क्या देखना? पानी उतरे बाद जाएंगे.”

सगळे थांबले. मला समजायला हवं होतं, पण मलाही क्षणभर वेळ लागला. अम्मीचं माहेर त्या पाण्याखाली आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर अम्मीचं घर ओळखू येईल, ते तिला आवडणार नाही. धरणात गेलेल्या गावांपैकी एक, एवढं पुरे. माझे नाना त्या गावचे मुलाणी. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आपल्या भागात गावगाड्यात मुलाण्याचं काम असायचं. जत्रेला, नवसाला, लग्नाच्या जेवणाला बकरं कापायचं ते मुलाण्याने. त्याने सुरी फिरवल्याशिवाय गावदेवाच्या जत्रेचं मटण शिजत नसे. त्याबद्दल त्याला सुगीत बलुतं मिळायचं, भात, नाचणी. नानांच्या नावावर जमीन होती ती दीड एकराच्या आतबाहेर, डोंगरउताराची. तिच्यावर घर चालत नव्हतं, घर चालत होतं गावावर.

मी पाचेक वर्षांचा असेन तेव्हा गाव उठलं. मला एकच आठवतं. टेम्पोत घराच्या चौकटी, वासे, कौलं आणि जातं रचलेलं, आणि मला त्या जात्यावर बसवलेलं. दगड गार होता. बाकी सगळं अम्मीकडून ऐकलेलं. गाव एका ठिकाणी गेलं नाही. जमिनी जिथे मिळतील तसतसं ते खालच्या पट्ट्यात तीन-चार जागी विखुरलं. शेतकऱ्याला निदान जमिनीच्या बदल्यात जमीन मागता येत होती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने 1976 मध्येच केला, देशात तो पहिला म्हणतात, आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण अशा कायद्याचं माप मुख्यतः जमिनीचं असतं. ज्याच्या जवळ एकरं होती तो मोजला गेला. मुलाणी, न्हावी, परीट, सुतार यांच्याजवळ होतं ते गाव, आणि गावाचा मोबदला कुठल्या रकान्यात भरायचा? गाव चार जागी गेलं, मुलाणी एकाच जागी जाऊ शकत होता. नाना ज्या वसाहतीत गेले तिथे जुन्या गावची अकरा घरं होती. अकरा घरांची जत्रा ती किती आणि बकरी किती. पुढे ते बाजारच्या गावी दुसऱ्याच्या दुकानात मटण तोडायला बसले. दीड एकराच्या बदल्यात जे मिळायचं होतं त्यासाठी त्यांनी ज्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याचं नाव घेण्यात आता काही अर्थ नाही. सातबारा झाला तेव्हा नाना नव्हते.

अम्मीच्या बोलण्यात याचा राग कधी जाणवला नाही. तिला एकाच गोष्टीची रुखरुख आहे. उठताना गावाने आपले देव बरोबर नेले. मूर्ती, तांदळे, दीपमाळेचे दगडसुद्धा. नव्या वसाहतीत देऊळ बांधून त्यांची रीतसर स्थापना केली, आणि अम्मी सांगते, त्या दिवशी नानांना मानाने बोलावलं होतं. कबरी मात्र नेता येत नाहीत. ओढ्याकाठी आंब्याखाली आमच्या चार-पाच कबरी होत्या, त्यात अम्मीच्या दादीची. त्या तिथेच राहिल्या आणि पाणी चढलं. नंतर कुणीतरी तिला सांगितलं की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गावठाणाचा चौथरा दिसतो, आंब्याचं काळं खोड दिसतं. चाळीस वर्षं ती हे मनात धरून बसली आहे आणि एवढ्या वर्षांत तिने आम्हाला एकदाही ‘मला ने’ म्हटलं नाही. (कबरीला भेट देण्यावरून आपल्यात वाद घालणारे वाचक आहेत, मला माहीत आहे. त्यांनी या खेपेला म्हातारीला सोडून द्यावं.)

तेव्हा प्रश्न महिन्याचा नव्हताच. एकाच तळ्याची दोन रूपं आहेत आणि दोघांनाही ते बघायचं आहे ते वेगवेगळ्या वेळी. फोटो काढणाऱ्याला तळं भरलेलं हवं. जिचं घर खाली आहे तिला उतरलेलं हवं. पर्यटनाच्या जाहिरातीत उतरलेल्या तळ्याचं चित्र कधी येत नाही. मातीचे तपकिरी पट्टे, चिरे पडलेला गाळ, मधूनच एखादं खोड. कुणाला बघायचंय ते? ‘सीझन नाही’ म्हणतात त्याला.

आणि आम्हा खालच्या लोकांचं आणखी तिसरं तळं आहे. आम्ही ते कधी बघत नाही, बातमीत ऐकतो. ‘वारणा धरणातून विसर्ग वाढवला’ असं ऑगस्टमध्ये ऐकू आलं की नदीकाठच्या गावांत जनावरं सोडायची तयारी सुरू होते. 2005, 2019, 2021, ही साली आमच्याकडे वाढदिवसासारखी पाठ आहेत. 2019 ला माझ्या मावसबहिणीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. बाकीचे दहा महिने मात्र हेच धरण आमचा अन्नदाता. तात्यासाहेब कोरेंनी उभा केलेला कारखाना धरणाआधीचा, दूध संघही त्यांचाच. पण आज नदीच्या दोन्ही काठांना जो ऊस दिसतो तो उन्हाळ्यात सोडलेल्या धरणाच्या पाण्यावर उभा असतो. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ते भरतात ते त्याच पाण्याने. इचलकरंजीला वारणेचं पाणी न्यायचं म्हटल्यावर दानोळीच्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला तो का, हे शेतात मोटर असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाणी आमचं, असं आम्ही सगळेच म्हणतो. मीही म्हणालो आहे, दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत, टेबलावर हात आपटून. अम्मी घरी होती म्हणून बरं.

मुळशीच्या लोकांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा त्यांना जे दिसत होतं, ते आम्हाला शंभर वर्षांनंतरही फक्त निबंध लिहिताना दिसतं. धरण झालं नसतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. ते ढोंग होईल. माझ्या पगारात त्या पाण्याचा वाटा आहे. म्हणायचं आहे ते एवढंच की ज्याने पाणी प्यायलं त्याने निदान पाण्याखाली काय आहे ते बघून यावं, आणि बघायला जाताना पहिल्यांदा तरी उन्हाळ्यात जावं.

इथे एक लांबची गोष्ट आठवते. इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण होत होतं तेव्हा अबू सिंबेलची प्राचीन मंदिरं बुडणार होती. युनेस्कोने जगाला हाक दिली, पैसा उभा राहिला, आणि 1964 ते 1968 या काळात ती अख्खी मंदिरं करवतीने कापून, तुकड्यांवर क्रमांक घालून, सुमारे 65 मीटर उंचावर पुन्हा जोडली. माणसाच्या कारागिरीला सलाम करावा असंच ते काम आहे. त्याच धरणाने इजिप्तच्या बाजूचे सुमारे 50,000 नूबियन लोक उठले, त्यांना नदीपासून दूर कोम ओम्बोच्या बाजूला वसवलं. नूबियन लोक मुसलमान. त्यांच्या कबरी नासर सरोवराच्या तळाशी आहेत. देवळं वर आली, कबरी खाली राहिल्या. मी हे अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “मतलब सब जगह वैसाच है,” आणि तसबीह पुढे सरकवली.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे लिखाण नुसतं रडगाणं होईल. माणसं उठली म्हणून जंगल परत आलं, हे खरं आहे. धरणात गेलेली गावं वेगळी आणि अभयारण्यासाठी उठवलेली वेगळी. वरच्या अंगाची गावं, गवळी धनगरांचे वाडे यांना जंगलासाठी खाली यावं लागलं. त्यांची सोडलेली भातखाचरं, गावठाणं आता गवताळ माळ झाली आहेत. त्या गवतावर गवे चरतात, सांबरं येतात. जंगलाच्या गाडीतून आपण ‘गवा, गवा’ म्हणून बोट दाखवतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात उभा असतो. हे मी अम्मीला जरा बिचकत सांगितलं, वाईट वाटेल म्हणून. तिचा चेहरा उलट खुलला. “ढोरं चरतायत ना तिथं? मग पडीक नाही म्हणायचं.” शेतीच्या भाषेवर आली की ती मराठीत बोलते.

2025 च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणली. इकडे वाघ फिरकत होते, पण त्यांची संख्या वाढत नव्हती, म्हणून विदर्भातून वाघ आणून इथे वस्ती करायची अशी योजना आहे. आधी कुंपणाच्या आत ठेवून तिला जागेची सवय केली, गळ्यात रेडिओ कॉलर घातली, मग मोकळं सोडलं. तिचं ठिकाण रोज बघायला माणसं आहेत. माझी मुलगी या वाघिणीच्या बातम्या कापून वहीत चिकटवते. मलाही ही बातमी आवडली. वाघ राहिला तर जंगल राहील, जंगल राहिलं तर नदी राहील, हे मला पटतं. फक्त बातमी वाचताना ‘पुनर्वसन’ हा शब्द आला आणि माझी नजर तिथे अडली. नव्या जागेची सवय व्हावी म्हणून थोडे दिवस आधी जपायचं, मग सोडायचं, सोडल्यावरही विचारपूस ठेवायची. पुनर्वसन कसं करायचं हे आपल्याला माहीत नाही असं आता कुणी म्हणू नये. चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांनी याच दहा वर्षांत श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठिय्या दिला आहे, जमीन आणि नागरी सुविधा मागत. त्यांतल्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी घर सोडलं होतं. वाघिणीशी त्यांचं भांडण नाही, माझंही नाही.

मघाशी म्हणालो, जंगलात आडनाव कोण विचारतंय. गवा विचारत नाही, पण गेट असतं आणि गेटवर माणूस असतो. आम्ही चौकशीचा फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस चांगला बोलला. गाडी कुठली चालेल, आत किती वाजेपर्यंत, प्लास्टिक नको, मोठा आवाज नको, गाडीतून उतरायचं ते सांगितलेल्या जागीच, पाण्याकडे उतरायचं नाही. सगळं बरोबर. व्याघ्र प्रकल्पात हे नियम नसतील तर काय असणार? मी शेवटी विचारलं, “आमची आई तिथल्या बुडालेल्या गावातली आहे, तिला लांबून गावठाण दाखवता येईल का?” तो थोडा थांबला. मग म्हणाला, “आल्यावर बघू, दादा. कुठलं गाव?” मी नाव सांगितलं. त्याने ते नाव ऐकलं होतं. त्याची आजी शेजारच्या गावची निघाली.

म्हणून माझं म्हणणं हे आहे. तिकीट असावं, नियम असावेत, जीपला मर्यादा असावी. पण ज्या घरातून ही जागा रिकामी करून घेतली त्या घरातल्या माणसाला ‘पर्यटक’ या रकान्यात टाकू नये. पुनर्वसनाचे कागद त्यांच्याकडे आहेत, दाखला आहे. मे महिन्यातले दोन-चार दिवस ठरवून, वनरक्षक बरोबर देऊन, दहा-दहाच्या गटाने त्यांना आपापल्या गावठाणापाशी नेऊन आणलं तर वाघाला त्रास होईल असं मला वाटत नाही. कुणाला कुलदैवताच्या मूळ जागी नारळ ठेवायचा असेल, कुणाला फातिहा पढायची असेल, कुणाला नुसतं उभं राहायचं असेल. आणि तिथे येणाऱ्या पोरांना माहिती देताना शेकरू, धनेश, अस्वल, रानकुत्रे यांच्या यादीबरोबर गावांचीही यादी असावी. वाचायला दोन मिनिटं लागतील. जीपमधल्या गाइडपैकी कुणी विस्थापितांच्या घरातला पोरगा असेल तर अतिउत्तम. झाडाचं नाव तो सांगेलच, झाड कुणाच्या परड्यात होतं तेही सांगेल.

आणि आपल्यातल्या वाचकांनाही थोडं सांगायचं आहे. गेल्या दीड-दोन वर्षांत आपण घराबाहेर पडणं कमी केलं आहे. सहल म्हटली की पहिला विचार ‘तिथे काही होणार नाही ना’ हा येतो. मला तो विचार चुकीचा वाटत नाही, माझ्याही डोक्यात तो असतो. पण त्यापायी आपण आपल्याच मुलखाला पाहुणे होत चाललो आहोत. या डोंगरात आपलेही मुलाणी होते, पिंजारी होते, बैलगाड्यांवर मीठ-मिरची विकणारे तांबोळी होते. त्या गावांच्या जत्रा आपल्या हाताशिवाय होत नव्हत्या. विशाळगडाचा रस्ता मनातून बंद झाला म्हणून सह्याद्री बंद झालेला नाही. डबा बांधा, म्हाताऱ्यांना पुढे बसवा आणि जा. रस्ता सोपा आहे. वारणानगरहून नदी ओलांडून सांगली जिल्ह्यात शिरायचं, शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूर गाठायचं. जोहरच्या नमाजेची वेळ वाटेत येईल असं बघा, म्हणजे आत घाई होत नाही. पाण्याच्या बाटल्या घरून न्या आणि रिकाम्या परत आणा. चटणी-भाकरी, दहीभात, उकडलेली अंडी एवढं पुरतं.

तर ठराव असा झाला. मेचा दुसरा आठवडा. ऊन असेल, तळं अर्धंमुर्धं असेल, फुलं नसतील, कदाचित काहीच दिसणार नाही. मुलीचा प्रकल्प तोपर्यंत संपलेला असेल, पण ती म्हणते वही पुढे चालू ठेवणार. थोरल्याने विचारलं, वाघीण नाही दिसली तर? अम्मी म्हणाली, “आपणच तिला दिसू.” भरलेलं तळं बघायला नोव्हेंबरात परत जायचं, असा उपठराव चाचांनी करून घेतला.

एक भानगड परवा झाली. अम्मीने वसाहतीत निरोप धाडला की आम्ही जातोय. तिथे जुन्या गावचे एक आण्णा आहेत, ऐंशीच्या पुढचे. नानांनी त्यांच्या लग्नात बकरी कापली होती. लहानपणापासून ते अम्मीला आक्का म्हणतात, वयाने मोठे असूनही. त्यांचा नातू मोटारसायकलवरून आला. “आज्जा म्हणतोय मी पण येणार. तिकीट केवढ्याचं ते विचारून ये म्हणालाय.” अम्मीने त्याला तिकिटाचं काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाली, सकाळी सहाला तयार राहायला सांग.

आमच्या गाडीत आठ माणसं बसतात. आता नऊ झाली. चाचांशी बोलून झालं, ते थोडे नाराज आहेत. हंडा घरीच राहणार.